पंचनदरावांचं भय

पंचनदराव भित्रे होते, आणि ही गोष्ट ते कुणापासून लपवत नसत. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात ते चाचणीच्या गाड्या चालवायचे. बाकीचे ड्रायव्हर जेवताना घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या, टायर फुटल्याच्या गोष्टी रंगवून सांगत. पंचनदराव त्या ऐकताना चुळबुळ करत आणि गोष्ट संपायच्या आत डबा झाकून उठून जात.

मी चाकणहून बदली होऊन तिथे गेले तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. आमच्या विभागात डिझेल पिकअपसाठी एक छोटं उपकरण तयार होई. डिझेलच्या इंजिनात टर्बो जादा हवा कोंबतो. त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय हे दुसरं माप. घाट चढताना, ओझं ओढताना हवा कमी पडली की धुराचा ताप चढत जातो. तो चढतच राहिला तर आधी टर्बो जातो, मग पिस्टन वितळतो, आणि नशीब वाईट असेल तर गाडी पेटते. आमचं उपकरण ही दोन्ही मापं ड्रायव्हरच्या समोर दोन गोल घड्याळांत दाखवायचं, आणि ताप सातशे अंशांच्या वर गेला की लाल दिवा लावून बझर वाजवायचं. गाडी पंचनदराव चालवणार आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन आकडे नोंदवणार, असं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी मी दार उघडून त्यांच्या शेजारी बसायला गेले. साठीकडे झुकलेला, शिडशिडीत माणूस. कपाळावर बारीक उभं गंध, खांद्यावर पांढरा पंचा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "काय मा, तुज भय वाटतें कां?"

मी नवी होते, मुलगी होते, आणि असल्या प्रश्नाचं एकच उत्तर मला ठाऊक होतं. म्हटलं, "नाही सर. अजिबात नाही."

"सरि. मग मागें बैस."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते गाडी सुरूच करेनात. शेवटी मी मागच्या सीटवर गेले. लॅपटॉपची वायर तिथवर पुरत नव्हती, तेव्हा ती हातात ताणून धरून मी सबंध फेरी काढली. संध्याकाळी गाडी आत घेतल्यावर ते म्हणाले, "ज्यास भय नाहीं, तो खिडकीबाहेर पाहतो. तूं श्रीपेरुंबुदूरचें तळें पाहत होतीस. तेव्हां ताप साडेसहाशें झाला होता."

खरंच मी तळं पाहत होते.

त्यांची मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू येई. तंजावरकडच्या मराठी घराण्यांतली ती भाषा. कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली आणि तिथेच राहिलेली. मध्येच 'मा' म्हणजे पोरी, 'सरि' म्हणजे बरं, असे तमिळ शब्द, आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचललेला. त्यांना माझ्या मराठीचं हसू येई. "तुझें अर्धें हिंदी, अर्धें इंग्लिश. त्यांत मराठी कोठें आहे?" असं म्हणत. चेन्नईत मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. बायको मंगळाबाई आणि ते दोघंच. मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली, ती फोनवर आईवडिलांशी तमिळच बोलायची. त्यामुळे मी एकदा घरी गेले तेव्हा मंगळाबाईंनी मला समोर बसवून नुसतं बोलायला लावलं. पंचनदराव कौतुकानं म्हणाले, "पाहा, आपलें बोलणारें माणूस."

त्यांच्या सवयी सगळ्या भीतीतून आलेल्या होत्या. गाडीत बसायच्या आधी ते खाली वाकून पाहत. मग बॉनेट उघडून हवेच्या रबरी पाइपचे चारही चिमटे बोटांनी दाबून पाहत, आणि बॉनेट लावलं की पुन्हा उघडून पुन्हा पाहत. चढावर त्यांची नजर एकदा रस्त्यावर आणि एकदा काट्यांवर, अशी सारखी फिरत असे. काटा साडेसहाशेच्या पुढे गेला की पाय हलका, गिअर खाली. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकत. फेरी संपल्यावर ते इंजिन लगेच कधी बंद करत नसत. ताप खाली येईपर्यंत चार-पाच मिनिटं गाडी तशीच घुरघुरत उभी. तापलेल्या टर्बोचं तेल अचानक थांबलं तर ते आत जळून बसतं, हे बरोबरच होतं. पण ते ठरलेल्या मापापेक्षाही जास्त थांबत. एकदा आमचे मॅनेजर सुंदर सर पाहुण्यांना घेऊन ताटकळत उभे होते. काचेवर टकटक झाली. पंचनदरावांनी हात जोडले, आणि काटा आणखी खाली येईपर्यंत उतरले नाहीत.

मी एकदा विचारलं, "एवढं कसलं भय वाटतं तुम्हाला?"

त्या दिवशी आम्ही आंबूरच्या पुढे रस्त्याकडेच्या चिंचेखाली डबे खायला बसलो होतो. त्यांनी दहीभाताचा घास खाली ठेवला.

तरुणपणी ते आणि त्यांचे थोरले बंधू, नरहरीअण्णा, दोघं मिळून लग्नाच्या स्वयंपाकाचं काम घेत. अण्णा आचारी, हे गाडी चालवणारे. एका लग्नाची भांडी घेऊन ते पिकअपनं डोंगरावर चालले होते. गाडीत कसले काटे नव्हते. पंचनदराव सगळं कानानं ओळखत. टर्बोची शीळ ऐकून इंजिन कसं आहे ते सांगत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वाटेत हवेचा पाइप निसटला. शीळ बदलली, काळा धूर आला, गाडी ओढेना. अण्णा म्हणाले, थांब. हे म्हणाले, आवाज ठीक आहे, माथ्यावर जाऊन पाहू. दाबून चालवत राहिले. माथ्यावर गाडी उभी केली ती वाळक्या गवतावर. खालची धुराची नळी तापून लाल झालेली होती. गवत पेटलं, मग गाडी पेटली. मागे तेलाचे डबे होते. ते ओढायला अण्णा गेले.

"हात गेले," पंचनदराव म्हणाले. "म्हणजे आहेत. पण मुठी वळत नाहींत. पुन्हां झारा धरला नाहीं त्यानें."

"ते तुमच्यावर रागावले?"

"त्याविषयीं एक शब्द बोलला नाहीं. आजही बोलत नाहीं. मी तंजावरास गेलों कीं म्हणतो, जेवलास कां." त्यांनी डबा बंद केला. "तेव्हांपासून मज कानाचा भरंवसा नाहीं. मी काट्याकडे पाहतों."

त्यानंतर मी त्यांच्या भीतीला कधी हसले नाही. उलट तीच मला हळूहळू लागली. काटा चढायला लागला की माझंही खिडकीबाहेर पाहणं थांबे. महिनाभरानं त्यांनी पुन्हा विचारलं, "भय वाटतें कां?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आतां तूं कामाची झालीस."

आम्ही दीडेक वर्षं असं काम केलं. मग उन्हाळ्यात एका फेरीला, वेल्लूरच्या अलीकडे उड्डाणपुलाच्या चढावर, मला बॉनेटखालून स्स्स् असा आवाज ऐकू आला. हवेचा पाइप फाटला की तो तसाच येतो. न ओळखणं शक्यच नव्हतं. मी पंचनदरावांकडे पाहिलं. ते शांतपणे चालवत होते. आवाज वाढला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मग बूस्टचा काटा घसरायला लागला, तापाचा वर सरकला, आणि त्याच क्षणी त्यांचा पाय उचलला गेला. त्यांनी गाडी कडेला घेतली. मातीवर, गवतावर नाही.

पाइप बोटभर चिरला होता. मी म्हटलं, "केव्हापासून आवाज येत होता. तुम्ही थांबला का नाहीत?"

ते पाइपकडेच पाहत राहिले. मी पुन्हा विचारलं. ते वळले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने ते माझ्याकडे असेच पाहतात.

"उजवा कान गेला," ते म्हणाले. "डावा थोडा आहे. मोठें बोलणें कळतें. बारीक आवाज कळत नाहीं. वर्ष होत आलें."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलें. ते यंत्र लाव म्हणाले. यंत्र लावलें कीं सर्वांस दिसेल, आणि मज गाडीवरून उतरवतील." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "कोणास सांगूं नको, मा. मी काट्याकडे पाहतों. काट्यास आवाज लागत नाहीं."

मी सांगितलं नाही. तेव्हा मला ते माणुसकीचं वाटलं. आम्ही एक खूण ठरवली: काही वेगळं ऐकू आलं की मी डॅशबोर्डवर हात ठेवायचा. पण त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी बसणं मला जड जाऊ लागलं. मागून ट्रक हॉर्न देत येई आणि ते आपल्याच लेनमध्ये निवांत असत. माझा हात सतत डॅशबोर्डच्या दिशेनं उचललेला असे. घरी अंथरुणावर पडले तरी हाताला ते वळण राहिलेलं असे.

पावसाळा संपता संपता मामेबहिणीच्या लग्नासाठी मी चार दिवस सुट्टीवर गेले. त्याच चार दिवसांत चौदा पिकअपवर आमची नवी उपकरणं बसवून झाली, आणि ती तपासायचं काम पंचनदरावांनी एकट्यानं केलं. प्रत्येक गाडीच्या कागदावर दोन चौकोन असत, एक दिव्याचा, एक बझरचा. त्यांनी चौदा कागदांवर दोन-दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि सह्या केल्या. गाड्या मालकांकडे गेल्या.

परत आल्यावर सकाळी टेबलावर त्याच खेपेतली उरलेली चार उपकरणं दिसली. सहज एक जोडून चाचणीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. आवाज आला नाही. दुसरं जोडलं, तेही मुकं. चारही मुकी होती. आतले बझरच सदोष आले होते.

पंचनदराव दारातून आत येत होते. मी त्यांच्यासमोर उपकरण धरलं आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "हे वाजत नाही."

त्यांनी उपकरण हातात घेऊन त्यावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "मी हात ठेवला होता त्यांवर. एकेकावर. थरथरत होतें, मा. मज वाटलें, वाजतें आहे."

"गाडीचं इंजिन चालू होतं का तेव्हा?"

ते खुर्चीवर बसले. इंजिन चालू असलं की सगळी गाडीच थरथरते.

"चौदा," ते म्हणाले. एवढंच.

मला त्या क्षणी कसली भीती वाटली ते सांगते. ते आता म्हणतील, गुपचूप बझर बदलून टाकू, कुणाला कळवायचं नाही. आणि मी हो म्हणेन, अशी. पण ते उठले. बेसिनवर तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं, आणि सरळ सुंदर सरांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

"सर, मला ऐकू येत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "वर्ष झालं. मी लपवलं. चौदा गाड्यांचे बझर मी न ऐकता पास केले. ते वाजत नाहीत."

सुंदर सर ओरडले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "हिला ठाऊक होतं?"

"नाही," पंचनदराव म्हणाले. "आजच कळलं तिला."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायचाच अवकाश होता आणि मी ते उघडलं नाही. ते गप्प राहणं मी आजवर विसरलेले नाही.

अकरापर्यंत तेरा मालकांशी बोलणं झालं. गाडी चढावर नेऊ नका, ओझं घालू नका, माणूस पाठवतो. चौदाव्याचा फोन लागेना. त्याचं नाव मुरुगेसन. तो वाणियंबाडीहून येलगिरीच्या डोंगरावर सिमेंटची पोती पोचवायचा. घरचा नंबर लावला तेव्हा त्याची बायको म्हणाली, दिवसाला दोन खेपा असतात, डोंगरात फोन लागत नाही. सुंदर सर म्हणाले, संध्याकाळी खाली उतरेल तेव्हा बोलू, नाहीतर उद्या माणूस पाठवू.

"उद्यां नको," पंचनदराव मला म्हणाले. "तूं गाडी घे."

ते स्वतः स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हते. मी चालवत होते आणि ते शेजारी, वरची मूठ पकडून. चार तासांचा रस्ता. सबंध वाटभर ते मुरुगेसनचा नंबर लावत होते, आणि प्रत्येक वेळी फोन माझ्या कानाला धरत होते. रिंग जातेय की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"वाजतें कां?"

"नाही. बंद आहे."

कांचीपुरमचा फाटा गेला, वेल्लूर गेलं. त्यांचे ओठ मधूनमधून हलत. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. नीट पाहिलं तेव्हा ते नुसतं "थांब, थांब" म्हणत होते.

तीन वाजून गेले होते तेव्हा आम्ही डोंगराला लागलो. ऊन रणरणत होतं. पाच-सहा वळणं चढलो असू, आणि पुढच्या वळणावरून पांढरट निळा धूर खाली उतरताना दिसला. त्याआधीच मला आवाज आला होता. इंजिनाचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते पूर्ण वेगानं, सुटल्यासारखं किंचाळत होतं.

वळणावर पिकअप उभी होती. मागच्या चाकांना दगड लावलेले. मागे काही अंतरावर एक बस थांबलेली, माणसं उतरून कठड्याशी गोळा झालेली, काहींनी कानांवर हात ठेवलेले. एक जण, तो मुरुगेसनच असणार, रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. किल्ली काढलेली होती, आणि तरीही इंजिन चालूच होतं.

हे असं होतं, हे मी वाचलं होतं. अतितापानं टर्बो आतून फाटतो आणि इंजिनाचंच वंगणाचं तेल हवेबरोबर आत ओढलं जातं. मग इंजिन स्वतःचं तेल जाळत पळत सुटतं. त्याला डिझेल लागत नाही, किल्ली लागत नाही. तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत ते थांबत नाही. वर सिमेंटची पोती होती, उतार होता, आणि मागे बस होती. त्या थरथराटानं दगड तसूतसूनं सरकत होते.

मी बसकडे धावत ओरडले, बस मागे घ्या. ड्रायव्हरनं ती मागे घ्यायला सुरुवात केली. वळून पाहते तर पंचनदराव पिकअपच्या दिशेनं चालत होते. धावत नव्हते, चालत होते. पंचा नाकातोंडाला बांधलेला. मी हाक मारली. अर्थात त्यांना ती ऐकू गेली नाही.

ते दार उघडून आत चढले. धुरातून मला त्यांचा खांदा तेवढा दिसत होता. त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं: क्लच दाबला, गाडी सगळ्यांत वरच्या गिअरमध्ये घातली, ब्रेकवर सगळा भार देऊन उभे राहिल्यासारखे झाले, आणि क्लच सोडला, म्हणजे जखडलेल्या चाकांशी जुंपलेलं इंजिन गुदमरून बंद पडावं. गाडीनं एक गचका खाल्ला. एक दगड निसटून कठड्याकडे घरंगळला. गाडी हातभर मागे आली. इंजिन दोनदा धडधडलं आणि मेलं.

मी दाराशी पोचले तेव्हा ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. उजवा पाय ब्रेकवर रुतलेला. अंग इतकं थरथरत होतं की सीटची स्प्रिंग कुरकुरत होती.

"थांबलें कां, मा?"

"थांबलं."

"खरेंच थांबलें? मज अजून थरथरतें आहे."

मी त्यांचा हात स्टिअरिंगवरून सोडवून डॅशबोर्डवर ठेवला आणि वरून दाबून धरला. "पाहा. थांबलं." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं. मुरुगेसननं चाकांमागे नवे दगड लावले, तेव्हाच त्यांनी पाय उचलला.

त्यांना कठड्यावर बसवून पाणी दिलं. अर्धं अंगावर सांडलं. बसमधल्या एका बाईनं तमिळमध्ये विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली का हो?" मी तो प्रश्न त्यांना पुन्हा सांगितला. त्यांनी पंच्यानं अंगावरचं पाणी पुसलं. मग मला म्हणाले, "तिला सांग, ऐकूं आलें असतें तर मी गेलों नसतों."

मी गाडीत डोकावून पाहिलं. आमचं उपकरण जिथे असायला हवं तिथेच होतं. लाल दिव्यावर मुरुगेसननं देवाच्या तसबिरीची प्लास्टिकची माळ टांगलेली होती. तो कसनुसा होऊन म्हणाला, "तुमच्या माणसानं सांगितलं होतं, धोका झाला की वाजेल. वाजलं नाही, म्हणून मी चालवत राहिलो."

पंचनदरावांनी ते त्याच्या ओठांवर वाचलं. ते उठले आणि त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मुलाच्या वयाचा माणूस तो; गोंधळून मागे सरला. "असं करू नका साहेब," म्हणाला, "तुम्ही तर गाडी वाचवलीत."

"ती पास मी केली होती," पंचनदराव म्हणाले. तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

उतरताना ते मागच्या सीटवर बसले. मी पुढे या म्हटलं, तर नुसती मान हलवली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. सुंदर सरांनी त्यांना टेबलाचं काम देऊ केलं होतं. ते म्हणाले, कागदावर खूण करायचं काम मला नको. चौदाही गाड्यांचे बझर बदलून होईपर्यंत मात्र ते रोज येत राहिले. प्रत्येक बझर मी वाजवायची, ते माझ्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि मग सही मलाच करायला लावायचे. शेवटच्या दिवशी मी सुंदर सरांकडे गेले आणि मला आधीपासून ठाऊक होतं, हे सांगितलं. सर म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर दिसलंच होतं." हे मी पंचनदरावांना कधी सांगितलं नाही. ते माझ्यासाठी एकदा खोटं बोलले होते. ते वाया गेलं असं त्यांना वाटायला नको होतं.

त्यानंतर मंगळाबाईंचे फोन येत. पंचनदराव तंजावरला अण्णांकडे जाऊन राहिले होते, परत आले, कानाचं यंत्र घेतलं, असं कळे. मी येते येते म्हणत राहिले आणि जाणं झालं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासमोर बसायचं धाडस होत नव्हतं.

मग डिसेंबरात, तमिळ मार्गळी महिन्यात, मैलापूरला संगीतसभांची गर्दी असते त्या दिवसांत, एका संध्याकाळी ते मला दिसले. मी मैत्रिणीबरोबर गाणं ऐकायला चालले होते. देवळाच्या उत्तरेच्या रस्त्यावर फुलवाल्यांच्या रांगेपाशी दोघं उभे होते. मंगळाबाई जाईचा गजरा घेत होत्या. पंचनदरावांच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती. ते आणखी वाळले होते. मी पुढे होऊन हाक मारली, नेहमीसारखी मोठ्यानं. त्यांनी दचकून दोन्ही हात कानांकडे नेले.

"हळू, मा," ते म्हणाले. "आतां सर्व ऐकूं येतें."

"छान झालं की."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. बस वळत होती, ऑटोवाले हॉर्न देत होते, कुठेतरी कुणी लोखंडी शटर ओढलं. प्रत्येक आवाजाला त्यांच्या पापण्या मिटत होत्या. "इतकें असतें, हें मी विसरलों होतों," ते म्हणाले. "घरांत पंखा वाजतो. फ्रिज वाजतो. हिची बांगडी वाजते. मज फार भय वाटतें."

मंगळाबाईंनी गजरा घेतला आणि माझ्या हातावर त्यातला एक तुकडा तोडून ठेवला. "घरी ये," म्हणाल्या. मग त्या रस्त्याच्या बाजूला झाल्या आणि पंचनदरावांना भिंतीच्या बाजूला घेतलं. दोघं गर्दीत शिरले. पंचनदरावांनी त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मागून एक गाडी आली, त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि तसेच, डोळे मिटून, मंगळाबाईंच्या मागे चालत गेले.